शुक्रवारचे व्याख्यान

बडोद्यास आम्ही यंत्रशास्त्र शिकवीत असू, तेव्हा विभागात दर शुक्रवारी संशोधनपर व्याख्यान होत असे. खरे सांगावयाचे, तर आमचे लक्ष पुष्कळदा नंतरच्या चहाकडेच असे.

एकदा एक गुजराती विद्यार्थी नळीतील पाण्याच्या प्रवाहाविषयी बोलावयास उभा राहिला. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली प्रसिद्ध केलेला तो प्रयोग: काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडावी, वेग कमी असता ती सुतासारखी सरळ जाते, वेग वाढला की एकाएकी विसकटते. मुलगा इंग्रजीत अडखळत होता. आम्ही मागल्या बाकावरून विचारले, "प्रवाह विसकटला तो नळीतला की आपल्या भाषेतला?" सभा हसली. मुलगा चहाला थांबला नाही.

रात्री आम्हांस झोप येईना. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले. यंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवावी, असा त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह. आणि आम्ही भाषेवरून हशा मिळविला होता! शिवाय रेनॉल्ड्सने नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरट ठेविले होते. शिरतानाच पाण्यास धक्का बसला, तर धार लवकर मोडते. हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचून एवढेच म्हणाला, "सर, नळी पाहता का?"

त्यानंतर नवखा वक्ता असला, की पहिला प्रश्न आम्हीच विचारीत असू; आणि तो आमच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत. सभा आताही हसे, पण आम्हांला.