कळवणहून गडाकडे

कळवणहून नांदुरीकडे निघाले, की कांद्याची शेते मागे पडतात आणि सप्तशृंगीचा डोंगर समोर येऊन उभा राहतो. नांदुरीपासून गडापर्यंत दहाएक किलोमीटरांचा घाट. गाडी जुनी पद्मिनी, १०८९ सी. सी.ची, वालचंद हिराचंदांच्या कंपनीने कुर्ल्याला बांधलेली. आणि मागे ऐंशीच्या घरातली आई. आदल्या दिवशी मी प्लगची काजळी घासली, पॉइंटची फट फीलरने मोजली, पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. मेकॅनिकही हे करतो; पण स्वतः केले, म्हणजे चढावर इंजिनाचा सूर ओळखू येतो.

घाटात भीती उष्णतेची. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून असतो. तो फार तापला, की आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. अशा वेळी बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके टाकावे आणि स्वस्थ बसावे. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावू नये; उकळते पाणी अंगावर उसळते.

अर्ध्या घाटात मी मुद्दामच थांबलो.

"बिघडली का रे?" आईने विचारले.

"नाही, दम खातेय."

"मग मीही खाते," म्हणून ती खाली उतरली.

वर देवळापर्यंत २०१८ पासून रज्जुगाडी आहे. पायऱ्यांची चिंता नव्हती. तिथवर नेणे आमच्याकडे. दहा मिनिटांनी दुसरा गिअर टाकला आणि इंजिनाकडे कान लावून निघालो.