अर्धी राहिलेली गोधडी

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक छोटा प्रसंग आहे. शिष्य गावोगावी सेवा करून परत आले आहेत. लोकांची ये-जा इतकी, की त्यांना जेवायलाही सवड नाही. प्रभू येशू त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. सगळे नावेत बसून निघतात आणि पलीकडे पोहोचतात, तर लोक पायी धावत आधीच तिथे हजर! म्हणजे त्यांची सुटी किती, तर नावेतल्या प्रवासाएवढी.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रभूने मलाही अशीच एक नाव दिली. त्याबद्दल आज सांगते.

आमचे कडोदरा म्हणजे कापडाच्या गिरण्यांचे गाव. पोटासाठी खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून माणसे येतात आणि काम सुटले की खोली रिकामी करून जातात. रविवारी मिस्सानंतर मी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. पहिल्या कम्युनियनसाठी वर्षभर मुलांची तयारी करून घ्यायची, आणि पुढच्या वर्षी बघावे तर त्यातली निम्मी मुले कुठल्या गावी गेली तेही कळत नाही. बारा वर्षे हेच चालले आहे. ईस्टर झाल्यावर मी फादरांना म्हटले, "आता दुसऱ्या कुणाला तरी बघा. माझ्या हातून काही उभे राहत नाही."

फादरांनी समजूत घातली नाही. एवढेच म्हणाले, "ताई, पेंटेकॉस्टपर्यंत वर्गांना सुटीच आहे. तोवर काही ठरवू नका."

मग करायचे काय? सकाळचा स्वयंपाक उरकला की दुपार मोकळी. एक दिवस पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी आईची गोधडी निघाली. आई दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. नातीसाठी म्हणून तिने आपल्या जुन्या सुती साड्या एकावर एक अंथरून ही गोधडी घातली होती. कडेकडेने टाके घालत ती आत आत येत होती, आणि मध्यावर येण्याआधीच थांबली. सुई तशीच कापडात टोचलेली. ती गंजली होती आणि भोवती तांबूस डाग पडला होता. पेटी उघडली की तो डाग दिसायचा आणि मी झाकण लावून टाकायची. या खेपेला लावले नाही. नवी सुई घेतली, जाड दोरा ओवला आणि आईने सोडले होते तिथून पुढे धावदोरा घालायला बसले.

लेक बारावीची परीक्षा देऊन घरीच होती. शिकली गुजरातीतून; देवनागरी वाचते ती हिंदीमुळे. तिला म्हटले, मी शिवते, तू वाच. वाचायला दिले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. सुरुवातीला दर ओळीला अडायची, "मम्मी, याचा अर्थ काय?" पण लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रकार आले तशी हसून हसून लोळायला लागली. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडले, तिथे मात्र तिचा आवाज खाली गेला. लक्ष्मीबाईंना त्याच वाटेवर यायला पुढे पाच वर्षे लागली. मी टाका घालता घालता थांबले. बारा वर्षांत मी कुणाला पाच वर्षे तरी दिली होती का?

टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ज्या बाईला लहानपणी कुणी शाळेत घातले नव्हते, तिने ते पुढे नेले. हे मला आधीपासून माहीत होते. पण हातात आईची अर्धी गोधडी असताना ते वेगळेच कळले.

यजमानांना सुटी असली की आम्ही पहाटे स्कूटरवरून कामरेजला, तापीकाठी फिरायला जायचो. बारा-पंधरा किलोमीटर, पण उन्हे चढायच्या आत परत. माझे माहेर भुसावळचे. लहानपणी पाहिलेली तीच तापी इथे भेटते. मुलताईला उगम पावून ती 724 किलोमीटर वाहते. पण एका दमात नव्हे. 1972 मध्ये बांधलेल्या उकाई धरणात ती थांबते, साठते, आणि म्हणूनच काकरापारच्या कालव्यांतून आमच्या जिल्ह्यातल्या उसाला उन्हाळ्यातही पाणी मिळते. भुसावळच्या काठावर उभे राहणाऱ्याला हा ऊस कधी दिसत नाही. म्हणून काय पाणी इथवर पोहोचत नाही?

संत पौलाने करिंथकरांना हेच सांगितले आहे. त्याने लावले, अपुल्लोने पाणी घातले, वाढवणारा मात्र देव. माझी मुले कुठेतरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या देवळात, दुसऱ्या कुणा बाईसमोर बसली असतील. तिला माझे टाके दिसत नसतील. मलाही तिचे दिसत नाहीत.

पेंटेकॉस्टच्या आदल्या रात्री गोधडी पुरी झाली. आईचे टाके बारीक आणि सरळ, माझे लांब आणि वाकडे. कुणालाही ओळखू येईल. गंजाचा डाग धुऊनही गेला नाही. त्यावर ठिगळ लावू म्हटले तर लेक म्हणाली, "राहू दे. आजी इथपर्यंत आली होती ना?" जूनमध्ये ती गोधडी तिच्याबरोबर हॉस्टेलला गेली.

रविवारी मिस्सानंतर फादर दारात उभे होते. त्यांनी काही विचारले नाही. मी वर्गाची किल्ली मागून घेतली. आत चार मुले होती, त्यांतली दोन नवी.

हे प्रभू, जे काम आम्ही सुरू केले नाही आणि जे आमच्या हातून संपणारही नाही, त्यात आमच्या वाट्याचे टाके आम्हांला घालू दे. थकलो की तुझ्या नावेत बसव. आमेन.