घट भरावा की बदलावा?

बोलताना आपण ज्याला 'सेल' म्हणतो, त्याला शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत 'विद्युत घट' असे नाव आहे. हा पारिभाषिक शब्द ज्यांनी योजला त्यांचे आम्हांला कौतुक वाटते. घट मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो नवरात्रात बसतो, वेदान्ताच्या चर्चेत आकाशाचा तुकडा पोटात धरून उभा राहतो आणि अखेरीस फुटतो. रिता झालेला घट पुन्हा भरावा की टाकून देऊन नवा आणावा, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. 'सेल' म्हटले की तो सुचत नाही. दुकानदाराला 'दोन पेन्सिल सेल द्या' एवढे सांगितले की विषय संपतो.

कोरड्या घटाची कुळकथा मोठी बोधक आहे. जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली जो ओला घट सिद्ध केला, त्याचा हा वंशज. जस्ताचे भांडे, मध्ये कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचा लगदा, असा याचा संसार. यातले जस्ताचे भांडे नुसते भांडे नसते, तेच इंधनही असते. वीज देता देता हा घट आपलीच भिंत खात जातो. म्हणून जुना सेल पाझरतो आणि विजेरीची स्प्रिंग गंजवतो. अल्कलाइन घटाची रचना वेगळी, आयुष्य अधिक. पण एकदा रिता झाला की तोही कामातून जातो.

तरीही फेकून देणे ही आपल्याकडची मूळ प्रवृत्ती नव्हे. ट्रान्झिस्टरच्या काळात आवाज खोल गेला की सेल काढून अंगणात उन्हाला ठेवीत. उबेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, सेल आणखी काही वेळ तग धरतो आणि बातम्या ऐकून होतात. रेडिओने टाकून दिलेले सेल मग भिंतीवरच्या घड्याळात जात. घड्याळाला वीज लागते ती इतकी थोडी, की थकलेला सेलही त्याला महिनोन्‌महिने पुरतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे हलकी कामे सोपवावीत तसा हा प्रकार होता.

पुन्हा भरता येणारा घटही काही आजचा नव्हे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमिअमचा घट १८९९ सालीच घडवला होता. कॅडमिअम विषारी, म्हणून पुढे निकेल-मेटल हायड्राइडचे घट आले. त्यांची खोड अशी की वापरले नाहीत तरी ते आपोआप रिते होत. २००५ साली सान्यो या जपानी कंपनीने 'एनेलूप' नावाचे घट बाजारात आणले आणि ही खोड बरीच काबूत आली. भरून ठेवलेला असा घट वर्षभरानंतरही बहुतांश भरलेलाच सापडतो. आम्ही एकदा कागदावर हिशेब मांडला. असा एक पेन्सिल सेल भरायला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, साधारण पाच वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये दोनेकशे सेल भरून निघावेत. शिवाय तोच घट शेकडो वेळा भरता येतो. उलट, एकदाच वापरायचा सेल घडवायला जी ऊर्जा खर्ची पडते, ती तो जन्मभरात देतो त्याच्या कित्येक पटींनी अधिक असते.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की निवाडा झाला. जिथे वीज भराभर खर्च होते, उदाहरणार्थ कॅमेऱ्याचा फ्लॅश, मुलांची चालती-बोलती खेळणी किंवा रोज वापरायचा ध्वनिमुद्रक, तिथे पुनर्भरणीय घटच घ्यावा. रिमोट आणि भिंतीवरचे घड्याळ यांना साधा सेल पुष्कळ झाला. अडचणीसाठी ठेवलेल्या विजेरीत अल्कलाइन सेल असावेत, मात्र ते अधूनमधून काढून पाहावेत. आमच्या घरात गेली कित्येक वर्षे अशीच वाटणी आहे आणि तिच्याविषयी आमची तक्रार नाही.

पण २०२१ साली आमच्या आईसाठी श्रवणयंत्र घ्यायचे ठरले तेव्हा ही वाटणी उपयोगी पडेना. आई निवृत्त शिक्षिका. दापोली तालुक्यातल्या एका गावी एकटी राहते. श्रवणतज्ज्ञाने दोन यंत्रे समोर ठेवली. एकात लिथियम-आयनचा घट आतच बंद केलेला. रात्री डबीत ठेवायचे, सकाळी कानाला लावायचे. दुसऱ्यात जस्त-वायू घट, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा. त्याच्या पाठीवर एक चिकटपट्टी असते. ती सोलली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि घट जागा होतो. मग पट्टी पुन्हा चिकटवून तो पूर्ववत निजत नाही. यंत्र रोज वापरले की आठवडा-दीड आठवड्यात तो संपतो, आणि न वापरले तरी रिता होत जातो.

आम्ही निःशंकपणे पहिल्याच्या बाजूचे. आईची बोटे संधिवाताने आखडलेली. तो इवलासा घट तिच्याने बसवणार कसा? शिवाय दर आठवड्याला दोन कानांचे दोन घट म्हणजे वर्षाला शंभरावर घट फेकायचे. आम्ही आमचा हिशेब तिला ऐकवला. तिने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "अरे, पण वादळात काय करायचं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळले. माडपोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि गावोगावी कित्येक दिवस अंधार राहिला. आई त्या दिवसांत शेजाऱ्यांच्या हाकांच्या आधाराने राहिली होती. "घराचे कौल उडाले ते मला ऐकू आले नाही, अंगावर पाणी पडलं तेव्हा कळलं," ती म्हणाली. "दिवे नसताना तरी मला ऐकू यायला हवं."

तेव्हा आमच्या ध्यानी आले, की पुनर्भरणीय घटाचे सारे गुण भिंतीतल्या एका जिवंत सॉकेटच्या भरवशावर उभे असतात. भरायला विहीर आटलेली नसावी, ही त्याची न बोललेली अट. शहरात ती अट अट वाटत नाही. जो घट आपली वीज घेऊनच येतो आणि ती देऊन संपतो, तो उधळ्या खरा. पण अंधारात तो कोणापुढे हात पसरत नाही. आईने जस्त-वायू घट घेतले.

बोटांचा प्रश्न शेजारच्या सातवीतल्या मुलीने सोडवला. दर रविवारी ती येते, नवे घट बसवते आणि सोललेली पट्टी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला चिकटवते, म्हणजे हिशेब राहतो. काम पाच मिनिटांचे. पण आईने तिला कधी पाच मिनिटांत जाऊ दिलेले नाही. आधी पाढे झाले, मग निबंध झाले, आता कविता पाठ होतात.

संपलेले घट काचेच्या बरणीत साठतात. आपल्याकडचे २००१ सालचे बॅटरीविषयक नियम केवळ शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांनी छोट्या घटांनाही कक्षेत घेतले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. गावापर्यंत मात्र गोळा करायला अजून कोणी आलेले नाही. म्हणून गणपतीला गेलो की ती बरणी आम्ही शहरात आणतो आणि ई-कचरा संकलन केंद्रात रिकामी करतो.

ती मुलगी आता दहावी झाली. जूनपासून ती कॉलेजसाठी दापोलीला राहील. घट कोण बदलणार, असे आम्ही आईला फोनवर विचारले, आणि छपरावरचे सौर पॅनेल व चार्जरची डबी हा पर्यायही सुचवला. "ते आण," आई म्हणाली, "पण रविवारी कोण येणार, तेही बघ."