हाकेला पुरेल असं नाव

एकांकिका लिहायला घेतली तेव्हा पात्रांची नावं ठेवणं हे सगळ्यांत सोपं काम वाटलं होतं. काळ वाकाटकांचा, इसवी सनाचं पाचवं शतक. स्थळ पवनार, धाम नदीचा काठ. वर्ध्यात राहून रोज ज्या वाटेनं गेलो, तिथल्याच एका कुंभारणीची गोष्ट. मालिका पाहून तयार झालेला कान. पहिल्याच बैठकीत सेनापती वीरभद्रसेन, लेखक आर्यपाल आणि कुंभारीण मृण्मयी कागदावर उतरले.

रात्री मोठ्या आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत ऐकत होती. कुंभारणीचं नाव तिनं दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "हे नाव हाकेले पुरत नाही, बापू. हाक मारेपर्यंत भाकर करपून जाईन."

मी हसलो, पण कुसळ रुतलं ते रुतलंच. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून वा. वि. मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे १९५७ सालचं पुस्तक आणलं. पवनार म्हणजेच दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, हे मत मिराशींचंच. काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात; पण मी वर्ध्याचा, माझा कौल ठरलेला.

त्यातले ताम्रपट वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की हा काही इतिहासग्रंथ नव्हे, हे जमिनीचे कागद आहेत. देणारा कोण, घेणारा कोण, चतुःसीमा काय, कोरलं कोणी. आपल्या खरेदीखतासारखंच. म्हणूनच त्यातली नावं खरी. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकच्या ताम्रपटात दान घेणाऱ्या ब्राह्मणांची गोत्रांसह यादीच आहे. रेवतिशर्मा, मूलशर्मा, स्वातिशर्मा: नक्षत्रांवरून ठेवलेली नावं. शेजारी नागशर्मा, गोंडशर्मा आणि चक्क बप्पार्य. बप्प म्हणजे आपला बाप. मोठी आई मला बापू म्हणते, तो शब्द इतका जुना असेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या पटावरच्या सेनापतीचं नाव चित्रवर्मा. माझा वीरभद्रसेन त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा मुकुट घालून उभा असल्यासारखा दिसू लागला. शिवाय 'सेन' हे राजघराण्यातलं शेपूट मी बेधडक एका नोकराला लावलं होतं.

राणीचं नाव तर वेगळाच धडा होतं. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. वाकाटकांकडे सून म्हणून आली, विधवा झाली, लहान मुलाच्या नावानं कारभार पाहिला. पण स्वतःच्या ताम्रपटात माहेरचं गुप्त नाव आणि माहेरचंच धारण गोत्र सांगते. प्राचीन रोममध्येही मुलीला बापाच्या कुळाचंच नाव मिळे. ज्यूलियस कुळातली ती ज्यूलिया, कॉर्नेलियस कुळातली ती कॉर्नेलिया. बहिणी दोन असल्या की थोरली आणि धाकटी. तिथे बाईला वेगळं नाव नव्हतं म्हणून कुळाचं चिकटलं. इथे राणीनं स्वतःचं नाव असून माहेर सोडलं नाही. एका नावात किती घर मावतं, हे तिच्याकडून शिकलो.

याच प्रभावतीचा, पुण्यात एका तांबटाकडे मिळालेला पट हिंगणघाटच्या दानाचा आहे, असं मिराशी सांगतात. तेव्हाचं गाव दंगुण, घेणारा चनालस्वामी, कोरणारा चक्रदास. माझा आर्यपाल त्याच रात्री खोडला आणि तिथे चक्रदास लिहिला.

हिंगणघाटजवळच्या जांबला सापडलेला पट तर अगदी घरचा. कोथुरक हे गाव कालुट्टक नावाच्या ब्राह्मणाला दिलं. चतुःसीमा अशी: पूर्वेला उमा नदी, दक्षिणेला चिंचापल्ली, पश्चिमेला बोंथिकवाटक, उत्तरेला मंडुकीग्राम. मिराशींच्या मते उमा म्हणजे वणा आणि मंडुकीग्राम म्हणजे मांडगाव. एका रविवारी गाडी काढून मांडगावला गेलो. पऱ्हाटीत डवरणी चालली होती. बांधावरच्या शेतकऱ्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तुमच्या गावाचं नाव सोळाशे वर्षांपूर्वीच्या कागदात आहे. त्यानं डवरा थांबवला. "असं काय? मंग धुरा कोणाचा लागून होता?"

मला उत्तर देता येईना. पटात तीन बाजूंची गावं होती, चौथीची नदी होती, पण शेत वाहणाऱ्या एकाचंही नाव नव्हतं. राजाच्या कागदावर ज्याला मिळालं त्याचं नाव येतं. ज्याच्या घामावर ते चाललं त्याचं येत नाही. माझी कुंभारीण मला तिथे सापडणारच नव्हती.

ती थोडी दिसली ती भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला. तिथल्या स्तूपाच्या दगडांवर, वाकाटकांच्याही काही शतकं आधी, दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांत एक विसमिता आहे. तिनं सर्व जिवांच्या सुखासाठी दान दिलं. नाव प्राकृत, जोडाक्षर जिभेवर घासून गुळगुळीत झालेलं, धामेतल्या गोट्यासारखं. सामान्य बाईचं नाव टिकलं ते तिनं स्वतः दिलं म्हणून.

विसमिता उचलावीशी वाटली, पण ती दुसऱ्या काळातली, दुसऱ्या गावची. शिवाय तिचं पुण्य तिच्याच नावावर राहू द्यावं. मग बोंथिकवाटकातून एक नाव ओढून काढलं: बोंथी. कुठल्याही पटात ते नाही, हे एकांकिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

त्या रात्री मोठ्या आईला नवं नाव सांगितलं. ती काही बोलली नाही. हातातली भाकर तव्यावर टाकली, दारात गेली आणि अंधारात लांब हाक दिली, "ये बोंथेऽऽ!"

परत येऊन भाकर उलटली. ती करपली नव्हती.

"पुरते," म्हणाली.