हाताची आठवण

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेमथ नावाचे गाव आहे. तेथील मॅथ्यू नॅगल हा तरुण शाळेत असताना फुटबॉलचे मैदान गाजवीत असे. २००१ सालच्या जुलैमध्ये एका मारामारीत मित्राच्या मदतीला धावला असता त्याच्या मानेत सुरा भोसकला गेला. मज्जारज्जू तुटला. मानेखालचे सारे शरीर निश्चल झाले. श्वासही यंत्राच्या स्वाधीन झाला.

मन मात्र शाबूत होते. हात उचलावा असे वाटे. हात उचलला जात नसे. इच्छा आणि कृती यांच्यात काही अंतर असते, हे धडधाकट माणसाला उमगतच नाही. तहान लागते आणि पेला ओठांशी येतो. मधला प्रवास कुणाच्या ध्यानातही येत नाही. नॅगलच्या बाबतीत तो प्रवासच अर्ध्यावर थांबला होता.

ब्राउन विद्यापीठातील जॉन डोनोह्यू यांच्या संशोधनातून एक प्रयोग आकाराला आला. २००४ च्या जूनमध्ये नॅगलच्या मेंदूत, हाताच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर, चार मिलिमीटर लांबीरुंदीची एक चिप बसवण्यात आली. तिच्यावर शंभर अतिसूक्ष्म सुया होत्या. त्या पेशींचे विद्युत्-संकेत टिपत आणि ते कवटीबाहेर जोडलेल्या तारेवाटे संगणकाकडे जात.

प्रश्न एकच होता : तीन वर्षे न हललेल्या हाताला मेंदू विसरला तर नसेल? हात हलवीत असल्याची कल्पना नॅगल करू लागला आणि त्या पेशी जाग्या असल्याचे दिसून आले. त्यांच्या संकेतांचा अर्थ लावून संगणकाने पडद्यावरचा कर्सर हलवला. नॅगलने ई-मेल उघडले, दूरचित्रवाणी संच चालवला, आणि तेही इतरांशी बोलता बोलता. त्याने एक वर्तुळही काढले. ते पुरते गोल नव्हते. पण लहान मुलाने पाटीवर प्रथम काढलेले तरी कुठे पुरते गोल असते?

२००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. उणिवा उघड होत्या. कर्सर थरथरे, तंत्रज्ञ जवळ असावा लागे, आणि तार सुटली की पुन्हा तीच निश्चलता. २००७ च्या जुलैमध्ये नॅगल निवर्तला. गेलेला हात त्याला परत मिळाला नाही. मात्र त्या हाताची आठवण मेंदूने तीन वर्षे जपून ठेवली होती, याची साक्ष ते वाकडे वर्तुळ देऊन गेले.