पार वडाला शोभतो

पुणे

चि. बंडूस,

तू पाठवलेला झाडाचा फोटो पाहिला आणि त्याखालची ओळ वाचली, ‘ताई, संत्र्याचं वय झालं होतं, रविवारी माणूस बोलावून तोडून टाकतो.’ वय? नीट सांभाळलेलं संत्र्याचं झाड 20-25 वर्षं सहज फळतं. हे तर छकुलीच्या बारशानंतर लावलेलं, आणि छकुली अजून शाळेत आहे! आधी त्या माणसाला ‘येऊ नको’ म्हणून कळव, मग पुढचं वाच.

पानं गळलेली नाहीत, वाळून फांदीवरच लटकलीत. फळंही तशीच. खत कमी पडलं की झाड हळूहळू पिवळं पडत खंगतं. हे गणपतीत हिरवंगार होतं आणि दसऱ्याच्या आत वाळलं, म्हणजे दुखणं बुंध्यात नाहीतर मुळांत. आणि तू काय केलंस? पानांवर फवारा मारलास, वर रोज पाइप सोडलास. मुळं गुदमरली की त्यांना पाणी ओढता येत नाही, पानं माना टाकतात, आणि आपल्याला वाटतं तहान लागली. बाबा डिसेंबरात पाणी तोडायचे तेव्हा तू केवढा गळा काढायचास, आठवतं? तो ताण सोसूनच आंबिया बहार फुटायचा. आपल्या काळ्या मातीत संत्रा तहानेपेक्षा पाण्यात बुडूनच लवकर मरतो.

आता खरं बोलते, राग मानू नकोस. फोटोत मला झाडाआधी तो विटांचा पार दिसला. आत माती भरलेली, भोवती पेव्हर ब्लॉक. अरे, पार वडाला शोभतो, पिंपळाला शोभतो! खाली जंभेरीचा खुंट, वर संत्रा, आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर उघडा हवा. तोच तू गाडलास. ओली माती सालीला टेकून राहिली की फायटोप्थोरा बुरशीला रान मोकळं. हाच आपला डिंक्या. सगळ्या अमरावतीला हे वेड लागलंय. अंगण म्हणजे गाडी धुवायची जागा, चिखल दिसायला नको, मग पावसाच्या पाण्यानं मुरायचं कुठे? शेजारचं लिंबू गेलं, मोगरा गेला, आणि लोक म्हणतात काहीतरी रोग आलाय. रोग नंतर आला रे, आधी फरशी आली. बाबांनी त्या अंगणात तुळशीवृंदावनापलीकडे सिमेंटचं घमेलं येऊ दिलं नव्हतं. असो.

पार फोड. जोड उघडा होईपर्यंत माती उपस आणि साल नखानं खरवड. आत ओलसर, हिरवट-पांढरं असेल तर जीव आहे. तपकिरी, आंबूस वासाचं आणि डिंकाचे ओघळ असतील तर डिंक्याच. मग एक बारीक मुळी चिमटीत धरून ओढ. वरची साल मोज्यासारखी निघून हातात नुसता दोरा राहिला, तर मुळं कुजलीत. बेचक्यात भोक आणि भुश्शाची जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी, पण तिच्यानं सबंध झाड असं एकदम वाळत नाही.

सडका पट्टा बुंध्याभोवती पुरा फिरला असेल तर तोड, मी अडवणार नाही. निम्मी साल धड असेल तर सडलेली तासून बोर्डो मलम लाव. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत, चुना मातीच्या भांड्यात, दोन्ही वेगळे विरघळवून मग एकत्र कर. लोखंडी घमेलं नको. फळं उतरव, वाळक्या फांद्यांची सल काढ, नवी पालवी येईपर्यंत खत नको. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळं कर. जगेलच असं नाही, बंडू. त्याच खड्ड्यात लगेच दुसरा संत्रा मात्र लावू नकोस.

चुना विरताना उकळतो, डोळे सांभाळ. नाहीतर असं कर, हे काहीच तू करू नकोस, माती गड्याकडून उपसून घे. मागच्या महिन्यात अंगणात चक्कर आली होती, ते मला सुनीताकडून कळलं, तुझ्याकडून नाही. सकाळची गोळी घेतोस का? ते फोन करून सांग, फोटो पाठवू नकोस.

तुझी,
ताई