जुन्या घडणीचे यान

कुणाला कसोटी सामन्यांच्या तारखा तोंडपाठ असतात, कुणाला पालखीचे मुक्काम. कुणी नवे पंचांग हाती येताच ग्रहणे शोधतो, तर कुणी जोडून आलेल्या सुट्ट्या. माझे वेड जरा दूरचे आहे. रशियाचे माणसे नेणारे सोयूझ यान कझाखस्तानातल्या बैकोनूरच्या माळावरून पुढच्या खेपेला कधी सुटणार, ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी टिपून ठेवतो. तारीख जवळ आली की माझे जेवणात लक्ष लागत नाही. "अहो, त्या यानात तुमचा कुणी चुलतभाऊ बसलाय का?" असे आमच्या मंडळी विचारतात. बसलेला नसतो. पण ते यान आकाशात सुखरूप पोचेपर्यंतची नऊ मिनिटे मी कुणाशी बोलत नाही, एवढे मात्र खरे.

माझ्या पुतण्याला या वेडाचे हसू येते. तो संगणकाच्या धंद्यात आहे आणि दोन वर्षांत मोबाइल बदलला नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखे होते. तो म्हणतो, "काका, अमेरिकेचे अग्निबाण हल्ली वर जाऊन परत येतात आणि आपल्या पायांवर उभे राहतात. आणि तुम्ही बघत बसता हा सत्तर वर्षांपूर्वीचा सांगाडा! यात बघण्यासारखे आहे तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. तेव्हा आज त्याचे उत्तर सविस्तरच देतो.

हा सांगाडा जन्माला आला तो काही माणसे आकाशात नेण्यासाठी नव्हे. त्याचे मूळ नाव आर-7. सुमारे पाच-साडेपाच टनांचा अणुस्फोटक गोळा एका खंडातून दुसऱ्या खंडात फेकता यावा, म्हणून सर्गेई कोरोल्योव्ह या रचनाकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. मे 1957 मधले पहिले उड्डाण फसले. 21 ऑगस्ट 1957 ला तो प्रथम नीट उडाला, आणि पुरते दोन महिनेही झाले नाहीत तोच, 4 ऑक्टोबरला, त्याने बॉम्बऐवजी 83 किलो वजनाचा एक चकचकीत गोळा पृथ्वीभोवती फिरत सोडला. तो स्पुटनिक. 12 एप्रिल 1961 रोजी त्याच घराण्यातल्या अग्निबाणावर बसून यूरी गागारिन 108 मिनिटांत पृथ्वीला वळसा घालून आला. बॉम्ब जड होता म्हणून अग्निबाण बलदंड झाला, आणि अग्निबाण बलदंड होता म्हणून माणूस वर जाऊ शकला. संहारासाठी घडवलेली वस्तू अशी सन्मार्गाला लागल्याची उदाहरणे फार नाहीत.

आणि कोरोल्योव्ह तरी कोण? 1938 मध्ये खोट्या आरोपाखाली पकडला गेलेला, कोलिमाच्या बर्फात कैदी म्हणून राबलेला माणूस. पुढे त्याच राजवटीने त्याच्या हाती देशातले सर्वांत मोठे काम दिले, पण त्याचे नाव जगापासून लपवून ठेवले. गागारिनचे नाव पृथ्वीवरच्या पोराबाळांच्या तोंडी झाले तेव्हा ज्याने त्याला वर धाडले तो नुसता "मुख्य रचनाकार" म्हणून ओळखला जाई. जानेवारी 1966 मध्ये तो वारला, तेव्हा कुठे लोकांना त्याचे नाव कळले.

आता त्याच्या करामतीकडे वळू. आपला दिवाळीचा बाण आपण बाटलीत उभा करतो. सोयूझचा अग्निबाण मात्र जमिनीवर उभा राहतच नाही. चार लोखंडी बाहू त्याला कमरेशी धरून एका प्रचंड खड्ड्यावर तोलून ठेवतात. उडताना त्याच्यावर जसा ताण येणार, तसाच तो आधीपासून यावा, हा हेतू. एंजिनांनी जोर धरला आणि अग्निबाण तसूभर उचलला गेला की बाहूंवरचा भार जातो, आणि आपल्याच वजनांनी ते मागे कलतात. फूल उमलावे तसे. रशियन लोक या मांडणीला ट्यूलिप म्हणतात.

एंजिनाची गोष्टही अशीच. एकच मोठी भट्टी करून पाहिली तेव्हा तिच्यातली आग बेफाम होऊन थरथरू लागे. मग ग्लुश्को या एंजिनकर्त्याने एका भट्टीच्या चार लहान भट्ट्या केल्या आणि चारींना इंधन पुरवायला पंप एकच ठेवला. अशी पाच एंजिने, म्हणजे वीस भट्ट्या, केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायू यांच्यावर एकदम पेटतात. आणि पेटतात कशाने? सांगितले तर खोटे वाटेल. प्रत्येक भट्टीच्या तोंडातून बर्च झाडाच्या लाकडाची एक दांडी आत सरकवलेली असते आणि तिच्या टोकाला दारूची कांडी. थोडक्यात, ती एक भली मोठी आगकाडीच! बर्च म्हणजे आपला भूर्ज. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याचाच हा उत्तरेकडला भाऊबंद. रशियन भाषेत त्याला बेर्योझा म्हणतात, त्या नावातही आपला भूर्ज ओळखू येतो. 1957 साली ही काडी होती, आणि अग्निबाणाचे नियंत्रण संगणकाच्या हाती गेल्यावरही ती तशीच राहिली. कारण सरळ आहे. ती पेटते.

पण वाचकहो, जुन्याचे गोडवे गाणे सोपे असते. जुने म्हणजे आपोआप चांगले, असे मानणारा मी नाही. या यानाच्या चांगुलपणाची किंमत मोजली गेली आहे, आणि ती माणसांनी मोजली आहे. एप्रिल 1967 मध्ये पहिल्याच सोयूझमधून व्लादिमिर कोमारोव्ह परतला तेव्हा मुख्य हवाई छत्री पेटीतून बाहेर आली नाही, राखीव छत्री गुंतली, आणि तो जमिनीवर आदळून गेला. जून 1971 मध्ये तिघेजण तीन आठवड्यांहून अधिक काळ अंतराळस्थानकात राहून परत निघाले. यानाचे भाग सुटे होताना एक झडप नको तेव्हा उघडली आणि आतली हवा निघून गेली. यान अगदी ठरल्याप्रमाणे, हळुवार खाली उतरले. दार उघडले तेव्हा दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह आपापल्या आसनांवर निष्प्राण होते. दाटीवाटीने तिघांना बसवण्यापायी त्यांना हवाबंद पोशाख दिलेले नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षे सोयूझमध्ये दोघेच बसत, पण पोशाख घालून. आज सोयूझमध्ये चढणारा प्रत्येकजण जो पांढरा पोशाख घालतो, तो या तिघांमुळे.

दुरुस्ती हा शब्द आपण किती सहज वापरतो! या यानातल्या काही दुरुस्त्यांना मात्र माणसांची नावे आहेत.

एक नाव तर आपल्या फार जवळचे, पण आपल्याला त्याची आठवण नसते. 26 सप्टेंबर 1983 ची रात्र. बैकोनूरला व्लादिमिर तितोव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह हे दोघे यानात बसून उड्डाणाची वाट पाहत होते. सुटायला सुमारे दीड मिनिट उरले असताना खाली अग्निबाणाच्या पायथ्याशी आग लागली. आत बसलेल्यांना ती दिसत नव्हती. तारा जळून गेल्यामुळे सुटकेची यंत्रणा आपोआप चालेना. शेवटी दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोन माणसांनी एकाच वेळी कळ दाबली तेव्हा यानाच्या डोक्यावरचा सुटकेचा बाण पेटला आणि त्याने ते दोघे बसलेली कुपी उपटून आकाशात नेली. काही क्षणांत खालच्या अग्निबाणाचा स्फोट झाला. कुपी चार किलोमीटरवर छत्रीने उतरली. दोघेही जिवंत!

यानंतर साऱ्या सहा महिन्यांनी, 3 एप्रिल 1984 रोजी, सोयूझ टी-11 हे यान बैकोनूरहून सुटले. त्यात आपले राकेश शर्मा होते, हे भारतातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. यानाचा प्रमुख यूरी मालिशेव्ह होता. आणि तिसरा? तिसरा हा गेन्नादी स्त्रेकालोव्ह. ज्या प्रकारच्या अग्निबाणाने सहा महिन्यांपूर्वी त्याला जाळून टाकायचेच काय ते बाकी ठेवले होते, त्याच प्रकारच्या अग्निबाणाच्या टोकावर तो माणूस पुन्हा जाऊन बसला. आणि आपल्या माणसाच्या सोबतीला बसला. अंतराळातून राकेश शर्मांनी इंदिरा गांधींना दिलेले उत्तर आपण अजून आठवतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या वेळी जवळच असलेल्या, काही न बोलणाऱ्या स्त्रेकालोव्हची आठवण येते. त्याने हा विश्वास कुठून आणला असेल?

याचे उत्तर मला सापडले आहे असे वाटते, आणि ते माझ्या स्वतःच्या धंद्यात सापडले. मी एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होतो. कारखान्यात पंपांचे सुटे भाग होत. समोर आलेला नग मापायचा, बसला तर पास, नाही तर बाजूला, एवढेच माझे काम. नोकरीच्या सुरुवातीला एक तरुण कामगार वैतागून आमच्या वयस्कर फोरमनना म्हणाला होता, "मामा, हा भाग वीस वर्षं इथं होतोय. रोज काय मापायचं त्यात?" मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "भाग वीस वर्षांचा असंल रे. हा नग आज सकाळचा आहे."

मामांचे हे वाक्य मला 11 ऑक्टोबर 2018 रोजी आठवले. त्या दिवशी सोयूझ सुटल्यावर दोन मिनिटांनी अग्निबाणाचे चार बाजूंचे चार भाग सुटे व्हायचे होते. ते एरवी इतके सुबक सुटतात की आकाशात एक क्रूस दिसतो. त्याला कोरोल्योव्हचा क्रूस म्हणतात. या वेळी एक भाग नीट सुटला नाही, मधल्या भागावर आपटला आणि अग्निबाण मोडला. यानाने तत्काळ आपली सोडवणूक केली आणि अलेक्सेई ओव्हचिनिन आणि अमेरिकेचा निक हेग हे दोघे माळावर सुखरूप उतरले. चौकशी झाली तेव्हा कारण निघाले ते एक लहानशी पिन. अग्निबाणाची जोडणी करताना ती वाकली होती. साठ वर्षांची परंपरा, शेकडो उड्डाणे, आणि सारे अडले कशाशी, तर त्या सकाळच्या नगाशी!

पुतण्याला मी हेच सांगतो. सोयूझचा वारसा म्हणजे जुना सांगाडा नव्हे. वारशाने रेखाचित्र मिळते, साचा मिळतो, फार तर शहाणपण मिळते. सरळ पिन वारशाने मिळत नाही. ती दर वेळी कुणीतरी नव्याने सरळ बसवावी लागते. पण त्याच वारशाने आणखी एक गोष्ट दिली होती. हाताकडून चूक होईल हे गृहीत धरून ठेवलेली सुटकेची वाट. 1983 मध्ये तिने दोघांना वाचवले, 2018 मध्ये आणखी दोघांना. आणि हे दोघे काय करतात? पाच महिन्यांनी, 14 मार्च 2019 रोजी, पुन्हा सोयूझमध्येच बसून वर जातात! स्त्रेकालोव्हच्या विश्वासाचे मूळ मला इथे दिसते. हे यान कधी बिघडणार नाही असे त्याला वाटत नसावे. बिघडले तर ते आपल्याला टाकून देणार नाही, एवढे त्याला ठाऊक असावे.

बैकोनूरचे रीतिरिवाज पाहून लोक हसतात. उड्डाणापूर्वी अंतराळवीर तिथे झाड लावतात, एक ठरलेला जुना चित्रपट पाहतात, खोलीच्या दारावर सही करतात. अग्निबाण आगगाडीच्या रुळांवरून आडवा तळाकडे निघतो तेव्हा त्यात बसणाऱ्यांनी तो पाहायचा नसतो. अपशकुन होतो म्हणे! मला या गोष्टींचे हसू येत नाही. आपल्याकडे खंडेनवमीला पाना आणि कानस धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून ठेवणारे हात मी पाहिले आहेत. त्या दिवशी हत्यार निरखून पाहिले जाते, आणि त्याची बोथट धार ध्यानात येते, हा त्या पूजेचा मला कळलेला अर्थ.

हे सारे टिकवणे मात्र दिवसेंदिवस सोपे राहिलेले नाही. गागारिन ज्या तळावरून गेला तिथून माणसे नेणारे शेवटचे उड्डाण सप्टेंबर 2019 मध्ये झाले. मग अंतराळवीर 31 क्रमांकाच्या तळावरून जाऊ लागले. राकेश शर्मा गेले तोच हा तळ. 27 नोव्हेंबर 2025 रोजी तिथून तिघे सुखरूप वर पोचले, पण मागे तळाचीच मोडतोड झाली. अग्निबाणाखाली काम करण्यासाठी असलेला मोठा सरकता मंच ज्वाळांच्या खड्ड्यात कोसळला. यान शाबूत, आणि अंगणच खचलेले! जुन्या घरात राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एक भिंत सावरावी, तो दुसरीकडे तुळई बोलू लागते.

सोयूझचा काळ किती उरला आहे, हे ठरवणारे मोठे लोक आहेत. 2011 मध्ये अमेरिकेची शटल याने निवृत्त झाल्यावर 2020 पर्यंत अंतराळस्थानकावर जायला साऱ्या जगाला या एकाच गाडीचा आधार होता. त्या गाडीलाही एक दिवस निवृत्त व्हायचेच आहे. तोवर मात्र दर उड्डाणाआधी बैकोनूरच्या जोडणीच्या शेडमध्ये कुणीतरी एक माणूस बॅटरीच्या उजेडात वाकून एक पिन पाहत असेल. त्याचे नाव बातमीत येणार नाही. मुख्य रचनाकाराचेही कुठे येत होते? तिघे वर पोचले की जग त्या तिघांचे अभिनंदन करते. मी मनातल्या मनात त्या चौथ्याला म्हणतो, बाबा रे, नग पास!